काटोलच्या बागेसाठी जुनी जिप्सी : तिन्हींपैकी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं मनीषनगरला, बाग काटोलच्या पुढे. शेवटचे तीन किलोमीटर काळ्या मातीची पांदण, पावसाळ्यात तिथे साधी कार जात नाही. आठवड्यातून दोन फेऱ्या, कधी सोबत वडील, सुटीच्या दिवशी बायको आणि दोन मुलं. बजेट साडेचार लाखांपर्यंत. मारुतीच्या तीन जिप्सी पाहून ठेवल्यात : १९९५ ची सॉफ्ट टॉप (कापडी छताची), १९९९ ची कार्बोरेटरवाली हार्ड टॉप (पक्क्या छताची) किंग, आणि २००८ ची एमपीएफआय (सेन्सरच्या हिशेबाने पेट्रोल सोडणारी) किंग, जी उमरेड-कऱ्हांडल्यात सफारीला चालत होती. तिसरी सगळ्यात नवी, इंजिन सगळ्यात ताकदीचं, म्हणून तुमचं मन तिच्याकडे झुकलंय.

मी सव्वीस वर्षांपासून नागपुरात गाड्या दुरुस्तीचं काम करतो. जिप्सी, जुनी थार, बोलेरो या गाड्यांखाली माझं अर्धं आयुष्य गेलं. तुम्ही कागदावर जी तुलना केली ती चूक नाही. नुसत्या मॉडेलचा विचार केला तर मीही २००० नंतरची एमपीएफआयच घ्या म्हणेन. पण तुमच्यासमोर मॉडेल नाहीत, तीन ठरावीक गाड्या आहेत, आणि त्या तिघींचं आयुष्य वेगवेगळं गेलंय. जुन्या जिप्सीत इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, पत्रा मिळतो. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र मिळत नाही, आणि मिळाली तरी सहजी कागदावर चढत नाही. म्हणून माझा हिशेब आधी चेसिस, मग कागद, मग इंजिनाचा प्रकार, आणि वर्ष सगळ्यात शेवटी.

तरी प्रकारांमधला फरक नीट समजून घ्या, कारण विकणारे तो हमखास गोंधळवून सांगतात.

जिप्सी आपल्याकडे १९८५ च्या डिसेंबरात आली. सुझुकीच्या एसजे ४१० ची लांब आवृत्ती, म्हणून नाव एमजी ४१०. इंजिन ९७० सीसी, ताकद साधारण ४५ हॉर्सपॉवर, गिअर चार. १९९३ च्या जुलैत दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं आणि ती एमजी ४१० डब्ल्यू झाली. आम्ही तिला वाइड ट्रॅक म्हणतो. तुमची १९९५ ची गाडी हीच. इंजिन तेच राहिलं, पण वळणावर गाडी आधीसारखी झोकांड्या खात नाही. १९९६ च्या जूनमध्ये किंग आली, एमजी ४१३ डब्ल्यू : एस्टीमच्या घरातलं १३०० सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, पाच गिअर, ६० हॉर्सपॉवरच्या आसपास, पण कार्बोरेटरच. तुमची दुसरी गाडी ही. मग २००० च्या मार्चमध्ये त्याच किंगला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं, ८० हॉर्सपॉवर. २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला जिप्सी मिळणं बंद होईपर्यंत मुळात हीच गाडी चालू राहिली. म्हणजे २००१ ची आणि २०१७ ची किंग, यांत यंत्र म्हणून फार मोठा फरक नाही. 'नवीन मॉडेल आहे भाऊ' या वाक्याला जास्त पैसे मोजू नका.

जे बदललं नाही तेही लक्षात घ्या. चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग), मागेपुढे सलग अ‍ॅक्सल, वेगळी चेसिस, आणि हाताने टाकायचं फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद). एअरबॅग नाही, एबीएस नाही. वजन एक टनाच्या आसपास. या हलकेपणामुळेच ती चिखलातून निघते. तुमच्या पांदणीत दोन टनांची गाडी स्वतःच्या वजनानेच रुतते.

आता तुमच्या कामाला हे तिन्ही प्रकार लावून पाहू.

९७० सीसीचं इंजिन मला मनापासून आवडतं. लोखंडी ब्लॉक आहे, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत एखाद वेळी गरम झालं तरी सहन करतं, आणि उघडायला सोपं. बागेत राहणारी, गावातल्या गावात फिरणारी गाडी हवी असती तर मी तीच सुचवली असती. पण तुम्हाला नागपूर ते काटोल साठ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. चार गिअरची गाडी सत्तरच्या पुढे नेली की इंजिन ओरडायला लागतं, मागून ट्रक दाबतो, ओव्हरटेक करताना ताकद पुरत नाही. वडिलांना सोबत घेऊन आठवड्यातून दोनदा हा प्रवास करायचा तर तीन महिन्यांत गाडी उभी राहील. ती बिघडेल म्हणून नाही, तुम्हीच थकाल म्हणून. १९९५ ची गाडी मी यादीतून याच कारणाने काढतो. दुसरं कारण कागदांचं आहे, ते पुढे येईल.

कार्बोरेटर किंग आणि एमपीएफआय किंग यांच्यात रस्त्यावर फरक जाणवतो. एमपीएफआय सकाळी एका सेल्फला चालू होते, चढाला दम धरते, पेट्रोल थोडं कमी पिते. माझ्याकडच्या नीट ठेवलेल्या गाड्या अकरा-बाराच्या आसपास देतात, कार्बोरेटरवाल्या नऊ-दहा. आजच्या पेट्रोलचाही मुद्दा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एमपीएफआयचा सेन्सर मिश्रण काही मर्यादेपर्यंत स्वतः सावरून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जेटच्या मापानेच पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं, गाडी गचके देते, आणि जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, गॅस्केट हे इथेनॉलने फुगतात नाहीतर तडकतात. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे कार्बोरेटरच्या जेवढ्या जिप्सी आल्या, त्यातल्या बऱ्याच जणींचा आजार हाच होता. उपाय महाग नाही : पाइप सगळे नवे, पंपाचं किट, कार्बोरेटर साफ करून मिश्रण नव्याने बसवणं, टाकी आतून गंजली असेल तर धुऊन घेणं. पण हे करावं लागेल हे धरूनच भाव बोला.

उलट बाजूही आहे. काटोलच्या पुढे पांदणीत गाडी बंद पडली, तर कार्बोरेटरवाली तुम्ही स्वतः किंवा गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री चालू करू शकतो. एमपीएफआयचा टाकीतला पंप गेला, किंवा शेतातल्या शेडमध्ये उंदरांनी सेन्सरची वायर कुरतडली, तर टोचन करून शहरात आणण्यावाचून इलाज नाही. उंदरांचं मी थट्टेने लिहीत नाही. बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं निम्मं वायरिंगचं काम उंदरांमुळेच येतं. आणि १३०० सीसीची दोन्ही इंजिनं अ‍ॅल्युमिनियमची आहेत. एकदा पाणी संपवून तापवली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. रेडिएटर उघडून बघा : पाणी गढूळ, तेलकट किंवा तपकिरी गाळाचं असेल तर ते इंजिन कधीतरी तापलेलं आहे. हे गाडी थंड असतानाच पाहायचं. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आता सफारीच्या गाडीकडे येतो. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या.

सफारीची गाडी म्हटलं की लोकांना वाटतं, जंगलात मातीवर चाललेली, कमी किलोमीटरची, मालकाने जपलेली. किलोमीटर खरंच कमी असतात. पण ही गाडी सकाळ-संध्याकाळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, थांबत-चालत फिरते. प्राणी दिसला की बंद, निघालं की चालू. क्लचप्लेट, सेल्फ, पहिला-दुसरा गिअर यांच्यावर शहरातल्या गाडीच्या दुप्पट मार पडतो. पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये जाते. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तीच बारीक माती सिलिंडर घासते. मीटर साठ हजार दाखवतं आणि इंजिन दीड लाखाचं असतं. ऑइल भरायचं झाकण काढून, चालू इंजिनावर तिथे तळहात धरा. धूर आणि दाब हाताला लागला तर समजा रिंग-बोअर गेले, म्हणजे इंजिन आतून झिजलं. रेस देऊन सोडली की सायलेन्सरमधून निळा धूर येतो का तेही मागे माणूस उभा करून बघा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बॉडी. सफारीला मागचा भाग उघडून, पायऱ्यांसारखी सीट बसवून, वर पाइपांचा सांगाडा उभा करतात. सहा पर्यटक, गाइड आणि चालक, रोज दोन वेळा, खड्ड्यांतून. हे ओझं चेसिसवर येतं. सीट आणि सांगाडा बसवताना कोणी नीट बोल्ट मारतं, कोणी थेट चेसिसला वेल्डिंग करतं. वेल्डिंगच्या शेजारचं लोखंड कमजोर होतं आणि काही वर्षांनी तिथेच तडा जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी अशीच एक गाडी पाहिली. इंजिनाचा आवाज सुंदर, चार नवे टायर, नवा हिरवा रंग. मी इंजिन ऐकलं, चालवून पाहिली आणि हो म्हणालो. गाडीखाली गेलो पण रंग ताजा होता, वरवर टॉर्च फिरवला आणि उठलो. चार महिन्यांनी तीच गाडी माझ्याकडे आली : ब्रेक मारला की स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय. स्टेअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बसतो, तिथे रंग आणि पुट्टीखाली बोटभर लांबीचा जुना तडा होता, वरून पत्र्याचा तुकडा टाकून शिवलेला. त्या गाडीत रोज एक शाळेत जाणारी मुलगी बसत होती. त्या दिवसापासून मी चेसिसला हात लावून, ठोकून पाहिल्याशिवाय कुणाला हो म्हणत नाही.

ठोकून म्हणजे कसं, ते सांगतो. एक लहान हातोडी, एक खरवडायला जुना स्क्रूड्रायव्हर, चांगला टॉर्च. अंगाखाली पोतं टाका आणि खाली झोपा. पुढून सुरुवात करा : स्टेअरिंग बॉक्सची जागा, पुढच्या पाट्यांचे ब्रॅकेट, शॅकल. मग मधला भाग, जिथे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) तीन रबरांवर लटकतो. मग मागचे पाटे आणि सगळ्यात शेवटी मागचा आडवा दांडा. चांगलं लोखंड हातोडीला टणकन बोलतं. गंजून पोकळ झालेलं किंवा पुट्टीने भरलेलं लोखंड बद्द आवाज करतं. आवाज बदलला की तिथे खरवडा. ताजा काळा डांबरी रंग फक्त एका हातभर जागेत मारलेला दिसला तर तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. बॉडी ज्या रबरांवर चेसिसला बसते तिथे आणि फ्लोअरच्या पत्र्याला, चालकाच्या पायाखाली, मॅट उचलून बोटाने दाबा. आपल्या हवेत समुद्राकाठासारखा गंज नसतो हे खरं. पण बागेत फवारणीचं औषध आणि खताची पोती वाहिलेली गाडी मागच्या फ्लोअरला आतून खाल्लेली असते. विकणारा म्हणेल, 'एवढं काऊन पाहता भाऊ, गाडी पाहा ना.' त्याला म्हणा, गाडीच पाहतोय.

खाली आहातच तर पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचा तो गोल चेंडूसारखा भाग बघा. त्यावर पातळ, वासाचं तेल पसरलं असेल तर आतलं ऑइल सील गेलंय, अ‍ॅक्सलच्या हाउसिंगचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. मग जॅक लावून पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. खटखट लागली तर बहुधा किंगपिनचे, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचे, बेअरिंग गेलेत. अशी गाडी साठच्या वेगाला एका खड्ड्यातून गेली की स्टेअरिंग हातात थडथडायला लागतं आणि थांबेपर्यंत थांबत नाही. जिप्सीवाले या एका गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात. अनेक मिस्त्री तेवढ्यासाठी नुसता स्टेअरिंग डॅम्पर बदलून गाडी विकायला मोकळी करतात. दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि सील नवे टाकले की आजार बहुतेक वेळा मुळातून जातो.

फोर बाय फोर चालतं का, हे तुम्ही स्वतः तपासा. 'चालतं' या शब्दावर विसंबू नका. मी अशा गाड्या पाहिल्यात ज्यांचा पुढच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच पेट्रोल वाचवायला काढून माळ्यावर टाकला होता आणि मालकालाही आठवत नव्हतं. आणखी एक फसवणूक नकळत होते : काही गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतात, ते चाक अ‍ॅक्सलला जोडतात किंवा मोकळं करतात. हब मोकळे ठेवून दांडी फोर-लोला (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाकली तर गाडी जोर लावते, हळू चालते, नव्या माणसाला वाटतं फोर बाय फोर लागलं. प्रत्यक्षात फक्त मागची चाकं फिरत असतात. खात्रीची पद्धत अशी : सपाट जागा, मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला. हब लॉक, दांडी फोर-हायला (चारही चाकं, नेहमीचा वेग), गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. चाक थोडं हलून अडलं पाहिजे. मोकळं गरगर फिरलं तर हब, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस यांत काहीतरी तुटलंय. मग दुसऱ्या बाजूचं चाक तसंच तपासा. त्यानंतर सेमिनरी हिल्सच्या उताराला न्या, बाजूची कच्ची मातीची जागा बघून फोर-लो टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरू द्या. दांडी आपोआप न्यूट्रलला उडाली तर ट्रान्सफर केस उघडावा लागेल. तो खर्च लहान नाही.

यातच एक सवय आत्ताच लावून घ्या. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर कधी टाकायचं नाही. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला वेगाचा फरक सामावून घ्यायला मध्ये काही नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा गिअर तुटतात. काटोल रोडवर टू-हाय (फक्त मागची चाकं), पांदणीच्या तोंडाशी थांबून फोर-हाय, आणि चाक रुतण्याच्या आधी फोर-लो. रुतल्यावर टाकून काळ्या मातीत उपयोग होत नाही. तोवर टायरच्या नक्षीत माती भरून चाक गुळगुळीत झालेलं असतं. त्या मातीसाठी रुंद टायर लावायचा मोह टाळा. अरुंद आणि खोल नक्षीचा टायर काळ्या मातीत जास्त चांगला चालतो. दोन्ही हाउसिंग साधे आहेत, डिफ लॉक (एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय) नाही, त्यामुळे तिरप्या रेषेतली दोन चाकं, म्हणजे एक पुढचं आणि उलट्या बाजूचं मागचं, हवेत गेली की गाडी जागीच फिरते. पांदणीची चाकोरी खोल असेल तर एक चाक चाकोरीत आणि एक मधल्या उंचवट्यावर ठेवून चालवा.

सॉफ्ट टॉप की हार्ड टॉप, यावर फार विचार करू नका. नागपूरच्या उन्हात आणि काटोल रोडच्या धुळीत, वडिलांना घेऊन, हार्ड टॉपच.

कागदांत मात्र घाई नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे १९९५ च्या गाडीचं २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ ला झालेलं हवं. १९९९ च्या गाडीचं २०१४, २०१९ आणि २०२४ ला, म्हणजे ती २०२९ पर्यंत निर्धास्त. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झालं आणि २० वर्षांवरच्या हलक्या गाड्यांना २०२५ मध्ये १० हजार केलं गेलं. पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला असेल तर दंड वेगळा, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. १९९५ च्या गाडीचं शेवटचं नूतनीकरण झालेलं नसेल, तर तिचा 'स्वस्त' भाव स्वस्त राहत नाही.

२००८ ची गाडी पिवळ्या पाटीवर आहे. ती खासगी करायची म्हणजे आधी परमिट परत करणं, कराचा फरक, पांढरी पाटी, विमा बदल, आणि बॉडी मूळ रूपात आणणं. हे सगळं विकणाऱ्याने करून, खासगी आरसी हातात दिली तरच पुढे बोला. 'तुम्ही घ्या, मग करून देतो' यावर एक रुपयाही देऊ नका. गाडीची पासिंग नागपूरच्या एमएच ३१ ची असो, ४० ची की ४९ ची, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीही. जुनं कर्ज चढलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि कर्ज आरसीवरून उतरवायचा फॉर्म ३५. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः घासून, वाचून आरसीशी जुळवा. डिझेल इंजिन टाकलेल्या जिप्सी फिरतात आपल्याकडे, आणि लोक त्यांच्या ताकदीचं कौतुक करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंद नसलेला असा बदल बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दिल्लीकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन असल्यामुळे तिकडच्या बऱ्याच जिप्सी इकडे येतात, त्यांचे कागद दुप्पट बारकाईने बघा. लष्कराच्या लिलावातली गाडी दाखवली तर आधी आरटीओत जाऊन तिची नोंदणी होते का ते विचारा, मग गाडी बघा.

तुम्ही लिहिलं नाही, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही ते मुलांबद्दल. जिप्सीच्या मागच्या बाकांवर माणसं एकमेकांकडे तोंड करून, आडवी बसतात. धडक लागली तर आडव्या बसलेल्या मुलाला धरायला तिथे काहीच नसतं. पांदणीत वीसच्या वेगाने बसवा, पण काटोल रोडवर नको, आणि समृद्धी महामार्गावर तर जिप्सी नेऊच नका. सुटीच्या दिवशी चौघांनी जायचं तर घरच्या कारने गावापर्यंत जा आणि जिप्सी गावात कुणाच्या वाड्यात उभी ठेवा. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं असंच करतात. बजेट वाढवता आलं तर वापरलेली पाच दारांची जिमनी बघा. जून २०२३ पासून विकली जातेय, १४६२ सीसी, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, सहा एअरबॅग, फोर-लो तसंच, आणि मुलं समोर तोंड करून बेल्ट लावून बसतात. साडेचार लाखांत ती येत नाही हे मला माहीत आहे. २०२० च्या आधीची डिझेल थार दणकट आहे, पण तिच्याही मागे आडवेच बाक, आणि पुढचं वजन तुमच्या मातीत जड जातं.

तर माझं उत्तर : १९९९ ची हार्ड टॉप किंग. अट एकच, चेसिस हातोडीला टणकन बोलली पाहिजे. तुम्ही लिहिलंय की ती एकाच घरात पहिल्यापासून आहे, नूतनीकरण झालेलं आहे, फक्त आठ महिन्यांपासून उभी आहे. उभ्या गाडीची दुखणी मला चालतात, कारण ती ओळखीची असतात : बॅटरी, पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटर, ब्रेकचे सिलिंडर, कडक झालेले टायर. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. किंगपिन बेअरिंग आणि सील, ट्रान्सफर केसचे रबर, सगळ्या ठिकाणचं तेल : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही हाउसिंग. हे सगळं धरून साठ-सत्तर हजार बाजूला ठेवा आणि तेवढे भावातून कमी करायला बोला. उरलेल्या पैशातून मागचे आडवे बाक काढून समोर तोंड असलेलं सीट बेल्टसकट बसवता येईल का ते आधी आरटीओत विचारून घ्या, नुसत्या वेल्डरला विचारून नको.

२००८ च्या गाडीवर मन अडकलंच असेल तर विकणाऱ्याला एकच सांगा : सफारीचा सांगाडा आणि सीट काढून, खालून पाण्याने धुऊन, रंग न मारता गाडी दाखव. तो तयार झाला तर मी तुमच्यासोबत येतो आणि खाली झोपून बघतो. चेसिस शाबूत निघाली आणि खासगी आरसी मिळाली, तर माझं मत बदलेल. तयार झाला नाही तर त्याच दिवशी १९९९ वाल्याकडे जा, सकाळी आठच्या आत, आणि तो दार उघडायच्या आधी बोनेटला हात लावून ती थंड आहे ना ते बघा.